खांदा हलवायचा नाही, हलवून घ्यायचा

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून एका वाचकाने नाव न छापण्याच्या विनंतीसह पत्र पाठवले आहे. ते थोडे आटोपशीर करून देत आहे.

"माझे वडील ५८ वर्षांचे आहेत. यंदा मे महिन्यात घरावरचे कवेलू फेरताना ते शिडीवरून उजव्या खांद्यावर पडले. हाड मोडले नव्हते म्हणून तीन महिने गावातच तेल-मालिश चालली, पण हात खांद्याच्या वर जाईना. शेवटी नागपूरला एमआरआय केला तेव्हा रोटेटर कफ फाटल्याचे निघाले आणि पोळ्यानंतर पाचव्या दिवशी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. आज एकोणिसावा दिवस आहे. सुट्टीच्या कार्डावर 'सहा आठवडे स्लिंग' आणि 'फिजिओथेरपी लवकर सुरू करावी' एवढेच लिहिले आहे. आई आणि मामा म्हणतात, 'हात हालवू नोका, टाके तुटतीन.' बाबा म्हणतात, 'मले आता काही दुखत नाही,' आणि परवा ते स्लिंग काढून म्हशीजवळ बसलेले दिसले. यवतमाळ आमच्यापासून चाळीस किलोमीटर आहे, रोज नेणे जमणार नाही. त्यांना शुगर आहे आणि खर्रा सुटत नाही. व्यायाम आत्ताच सुरू करावा की थांबावे? उशीर झाला का? कापूस वेचायला आणि फवारणीला ते कधी उभे राहू शकतील?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, म्हणजे पुढचे निवांत वाचता येईल. व्यायाम सुरू करायचा आहे आणि तो याच आठवड्यात सुरू करायचा आहे. मात्र त्याआधी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना फोन करून फाटलेला भाग किती मोठा होता आणि खांद्याच्या हालचालीवर त्यांनी काही मर्यादा घातली आहे का, एवढे विचारून घ्यायचे आहे. एकोणीस दिवस गेले म्हणून हळहळू नका. फाट मोठी असली की अनेक शल्यचिकित्सक स्वतःच चार ते सहा आठवडे खांद्याला पूर्ण विश्रांती देतात, त्यामुळे या दिवसांत काही कायमचे हातचे गेले असे समजण्याचे कारण नाही. मला काळजी वाटते ती तुमच्या घरातल्या दोन पक्षांची. आई हात हलू देत नाहीत याची थोडी, आणि बाबा स्लिंग काढून म्हशीजवळ बसले याची फार.

शिवले काय आहे, हे एकदा घरात सर्वांना समजावून सांगा. कमरेचा सांधा उखळासारख्या खोल खोबणीत बसलेला असतो, खांद्याचा तसा नसतो. तो बशीत ठेवलेल्या संत्र्यासारखा असतो. म्हणूनच हात सगळ्या दिशांना फिरतो आणि म्हणूनच संत्रे बशीतून घसरू न देण्यासाठी चार स्नायूंना सतत राबावे लागते. या चार स्नायूंची टोके, म्हणजे ज्यांना कंडरा म्हणतात त्या चपट्या, चिवट पट्ट्या, एकत्र येऊन दंडाच्या हाडाच्या डोक्यावर टोपीसारख्या बसतात; या टोपीलाच रोटेटर कफ म्हणतात. शिडीवरून पडल्यावर बाबांच्या टोपीची कड हाडापासून सुटली. शस्त्रक्रियेत हाडामध्ये छोटे अँकर, म्हणजे दोरा अडकवलेल्या खुंट्या, रोवून, त्यांच्या दोऱ्यांनी ती कड पुन्हा हाडाला आवळून बांधली जाते.

आईंची भीती टाक्यांची आहे आणि ती अगदीच निराधार नाही, फक्त तिचे स्थळ चुकले आहे. बाहेर कातडीवर घातलेले टाके आता निघाले असतील. आतला दोरा सहसा तुटत नाही. जुन्या धोतराला नव्या, मजबूत दोऱ्याने टाके घातले आणि हिसका दिला तर दोरा शाबूत राहतो आणि कापड फाटते, तसे येथे होते. मे महिन्यापासून सुटून पडलेली, अठ्ठावन्न वर्षे वापरलेली कंडरा हे ते कापड आहे. ती हाडाला पुन्हा चिकटते ती हळूहळू: पहिले काही दिवस सुजेचे, मग साधारण सहा आठवड्यांपर्यंत तिथे कच्चा, मऊ ऊतक भरत जाण्याचे, आणि त्यानंतर कित्येक महिने तो ऊतक घट्ट होत जाण्याचे. शिवलेली कंडरा पुन्हा सुटते तेव्हा बहुतेक वेळा ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच सुटते.

आता यातली खरी फसगत पाहा. दुखणे ओसरते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून, म्हणजे नेमके ज्या काळात कंडरा हाडाला धड चिकटलेली नसते आणि सारी भिस्त दोऱ्यांवर असते. "मले आता काही दुखत नाही" हे बाबांचे वाक्य खरे आहे, पण त्यावरून हात बरा झाला असा निष्कर्ष काढता येत नाही. ओल्या सिमेंटच्या ओट्याला हात लावून पाहिला तर वरून तो कोरडा लागतो. पण तेवढ्यावरून त्यावर कोणी धान्याचे पोते ठेवत नाही.

कार्डावरच्या "फिजिओथेरपी लवकर सुरू करावी" या चार शब्दांकडे येते, कारण सगळा घोटाळा त्यांच्यातच आहे. माझ्या हातून सुरुवातीच्या वर्षांत झालेली एक चूक येथे सांगायला हवी. अशाच शस्त्रक्रियेनंतर आलेल्या एका शेतकरी गृहस्थांना मी जाताना म्हटले होते, "हात हलवत राहा, बसवून ठेवू नका." माझ्या डोक्यात लोंबता हात आणि ताटलीएवढी वर्तुळे होती, त्यांच्या डोक्यात वखर होता. महिन्याने ते परत आले तेव्हा डाव्या हाताने उजवा हात उचलून त्यांनी टेबलावर ठेवला, आणि सोनोग्राफीत शिवलेला भाग पुन्हा सुटलेला दिसला. त्यांनी माझे शब्द तंतोतंत पाळले होते. तेव्हापासून मी कोणाही रुग्णाला पहिल्या सहा आठवड्यांत "हलवा" म्हणत नाही, "हलवून घ्या" म्हणते.

या दोन क्रियापदांत सारी फिजिओथेरपी आहे म्हटले तरी चालेल. बाबांनी स्वतःच्या जोराने हात उचलला की शिवलेला स्नायू आखडतो आणि कंडरा हाडापासून दूर ओढली जाते. तोच हात दुसऱ्या कोणी उचलला, डाव्या हाताने ढकलला, किंवा वाकून उभे राहून नुसता लोंबू दिला, तर सांधा फिरतो पण स्नायू झोपलेला राहतो. सांध्याला हालचाल मिळते, शिवणीला ओढ बसत नाही. लवकर सुरू करायची ती ही परस्वाधीन हालचाल. स्वतःच्या जोराची हालचाल पुढची, आणि वजन उचलण्याची तर त्याच्याही पुढची.

लवकर म्हणजे नेमके किती लवकर, याबद्दल डॉक्टरांमध्येही एकमत नाही, आणि हे तुमच्यापासून लपवण्यात काही हशील नाही. पहिल्या आठवड्यापासून हलक्या हालचाली दिलेले रुग्ण आणि सहा आठवडे स्लिंगमध्येच ठेवलेले रुग्ण यांची तुलना अनेक अभ्यासांत झाली आहे. सुरुवातीच्या काही महिन्यांत लवकर सुरुवात केलेल्यांचा खांदा अधिक मोकळा असतो. वर्ष सरता सरता दोन्ही गट जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात. लहान आणि मध्यम फाटीत लवकर हालचाल केल्याने शिवण उसवण्याचे प्रमाण फारसे वाढलेले दिसत नाही, मोठ्या फाटीत मात्र तो धोका वाढू शकतो. म्हणूनच डॉक्टरांना फाटीचे माप विचारा म्हणाले. १ सेंटिमीटरच्या आतली फाट लहान, १ ते ३ सेंटिमीटरची मध्यम, ३ ते ५ ची मोठी आणि त्यापलीकडची अतिमोठी, अशी ढोबळ वाटणी आहे. मोठी निघाली आणि डॉक्टरांनी कोजागरीपर्यंत थांबा असे सांगितले, तर बिनदिक्कत थांबा; मामांचे म्हणणे त्या एका बाबतीत खरे ठरेल. फाट लहान किंवा मध्यम असेल तर मी थांबण्याच्या विरुद्ध आहे, आणि त्याचे कारण बाबांची शुगर आहे. मधुमेहात सांध्याभोवतीचे आवरण आखडण्याची प्रवृत्ती जास्त असते. शस्त्रक्रिया न झालेल्या मधुमेही माणसाचाही खांदा गोठल्यासारखा होतो, हे तुम्ही गावात पाहिले असेल.

फाट कितीही असो, काही गोष्टी पहिल्या दिवसापासूनच करायच्या असतात आणि त्या राहिल्या असतील तर आजच सुरू करा: बोटांची मूठ वळणे आणि उघडणे, मनगट वरखाली करणे, तळहात उलटा-सुलटा करणे, आणि स्लिंगमधून हात काढून कोपर सरळ करून पुन्हा वाकवणे. दंडाच्या पुढच्या स्नायूची कंडराही त्याच वेळी शिवली असेल तर कोपराबद्दल मात्र डॉक्टरांना विचारा. बोटे सुजलेली असतील तर ती बहुधा याच हालचालीवाचून सुजली आहेत.

आता लोंबत्या हाताचा व्यायाम. बाबांना बाजेच्या काठाशी नव्हे, स्वयंपाकाच्या ओट्याशी उभे करा, कारण बाज फार ठेंगणी असते आणि वाकताना तोल जातो. डावा तळहात ओट्यावर टेकवायचा, पाय थोडे फाकवायचे, गुडघे किंचित सैल ठेवायचे आणि कमरेतून पुढे वाकायचे. मग डाव्या हाताने उजवा हात अलगद स्लिंगमधून सोडून खाली लोंबू द्यायचा. येथे घाई करू नका. पहिल्या वेळी हात खाली सोडायलाच माणूस घाबरतो आणि खांदा कानाकडे ओढून धरतो, तो सैल होईपर्यंत दोन-चार श्वास जाऊ द्या. विहिरीत सोडलेली बादली कशी हेलकावते ते आठवा. बादली आपण होऊन हलत नाही, वर दोर धरलेला माणूस हलतो. तसेच येथे कंबर आणि पाय हलवायचे, शरीराचे वजन पुढच्या पायावरून मागच्या पायावर न्यायचे, आणि त्या झोक्याने हात पुढे-मागे, मग आडवा, मग गोल फिरू द्यायचा. वर्तुळ ताटलीएवढे पुरे. परातीएवढे झाले तर समजा बाबा आपल्या जोराने फिरवत आहेत. प्रत्येक दिशेला दहा-दहा झोके, दिवसातून तीन ते चार वेळा, आणि संपल्यावर डाव्या हाताने उजवा हात उचलून पुन्हा स्लिंगमध्ये. आई शेजारी उभ्या राहून झोके मोजतील तर उत्तम, कारण एकदा त्यांनी डोळ्यांनी पाहिले की टाक्यांची भीती आपोआप कमी होते.

हा व्यायाम अमेरिकेतल्या बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या शल्यचिकित्सकाच्या नावाने ओळखला जातो. खांद्याची फाटलेली कंडरा शिवल्याचा वृत्तांत याच गृहस्थाने १९११ साली प्रसिद्ध केला होता. शंभराहून अधिक वर्षांत शस्त्रक्रिया उघड्या चिरेवरून दुर्बिणीवर आली, दोरे बदलले, अँकर आले, आणि हा व्यायाम मात्र आहे तसाच राहिला. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, हा त्याचा खेड्यातला मोठा गुण.

दुसरा व्यायाम काठीचा. बाबांना उताणे झोपवा, उजव्या कोपराखाली आणि बरगडीलगत दुपट्ट्याची घडी ठेवा, कोपर काटकोनात वाकलेले आणि कुशीला टेकलेले असू द्या. दोन्ही हातांत एक हलकी, गुळगुळीत काठी आडवी द्या. झाडूची दांडी चालेल, वेळूची काठी चालेल, तुऱ्हाटी मात्र नको, तिच्या कुसळांचा त्रास होतो. डाव्या हाताने काठी ढकलत उजवा पंजा हळूहळू बाहेरच्या बाजूला न्यायचा, ताण जाणवला की पाचपर्यंत मोजून परत यायचे. उजवा हात काठीवर फक्त पाहुणा म्हणून बसलेला असतो. तिसरा व्यायाम तुमच्यासाठी आहे: बाबा उताणे असताना तुम्ही एक हात त्यांच्या कोपराखाली आणि दुसरा मनगटाखाली घालून त्यांचा हात समोरून वर उचलायचा. हा मात्र पत्रातून शिकू नका. फिजिओथेरपिस्टसमोर एकदा स्वतः करून दाखवा, तो किंवा ती तुमचा हात धरून सुधारेल, मगच घरी करा. बाबांनी नकळत मदत केली तर हात हलका लागतो आणि पूर्ण सैल सोडला तर जड लागतो, हा फरक हाताला कळावा लागतो. हात जड लागला पाहिजे.

किती दुखले तर चालेल, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही पण तो दुसऱ्याच दिवशी पडेल. ताणल्यासारखे वाटणे ठीक आहे. व्यायामानंतर तासाभरात ते पहिल्यासारखे झाले तर मात्रा बरोबर. रात्री त्याच दुखण्याने झोप मोडली तर दुसऱ्या दिवशी झोके निम्मे करा, पण बंद करू नका. व्यायामानंतर कापडात गुंडाळून पंधरा मिनिटे बर्फ ठेवता येतो, फक्त शुगरमुळे कातडीची जाणीव कमी झालेली असू शकते म्हणून मध्येच कापड उचलून कातडी पाहत जा. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्ध्या-पाऊण तास आधी घेतली तर सोपे जाते. मेडिकलमधून आपल्या मनाने आणखी गोळ्या आणू नका, मधुमेह्याच्या मूत्रपिंडाला त्या परवडत नाहीत. तेल-मालिश, नस ओढणे, शेक देऊन खांदा मोडून घेणे हे सगळे बंद. याबद्दल मी जास्त लिहीत नाही, मे ते ऑगस्टचा अनुभव तुमच्यापाशी आहे.

झोपेबद्दल मात्र लिहायलाच हवे, कारण माझ्या पाहण्यात शिवण दिवसापेक्षा रात्री जास्त जपावी लागते. पहिले सहा आठवडे स्लिंग झोपेतही राहील. बाबांना सपाट झोपवू नका. बाजेच्या उशाकडे दोन गोधड्या गुंडाळून पाठ तिरकी होईल असा उतार करा आणि उजव्या कोपराखाली एक घडी घाला. पडल्या पडल्या त्यांना स्वतःचे उजवे कोपर दिसले पाहिजे, ही साधी खूण. कोपर दिसत नसेल तर ते पाठीमागे घसरले आहे आणि खांद्याच्या पुढच्या भागावर ताण येतो आहे. आंघोळीच्या वेळी स्लिंग काढायची, ओट्याशी वाकून हात लोंबता सोडायचा आणि त्याच स्थितीत काख धुऊन कोरडी करायची. तेवढ्यातल्या तेवढ्यात एक व्यायाम होऊन जातो. सदरा पुढून गुंड्यांचा घ्या. घालताना उजवी बाही आधी, काढताना उजवी बाही शेवटी.

चाळीस किलोमीटर रोज जाणे कोणालाच जमणार नाही, आणि त्याची गरजही नाही. पहिली भेट याच आठवड्यात घ्या, दुसरी साधारण दहा दिवसांनी, तिसरी स्लिंग सुटायच्या वेळी. मधल्या काळात बाबांचा व्यायाम चालू असताना मोबाईलवर बाजूने चित्रीकरण करून व्हॉट्सॲपवर पाठवा. खांदा कानाकडे चढतो आहे की नाही एवढे त्यातून नक्की दिसते. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आधी चौकशी करा. वर्ध्याकडे जाणे सोयीचे असेल तर सावंगी मेघे येथे फिजिओथेरपीचे महाविद्यालयच आहे. खर्चाचा आणि मजुरीचा विचार करता स्लिंग सुटल्यानंतरच्या भेटी महत्त्वाच्या, त्या वाचवू नका. आधीच्या एखाद्या भेटीत काटकसर चालेल. प्रवास एसटीनेच करा. मोटारसायकलवर मागे बसवले तर एका खड्ड्यात हात आपोआप आधाराला झेपावतो. बसमध्ये त्यांच्या उजव्या अंगाला तुम्ही बसा, म्हणजे चढणाऱ्या-उतरणाऱ्यांचा धक्का तुम्हाला लागेल.

खर्ऱ्याचे काय करायचे? पन्नीत घोटलेल्या त्या सुपारीत तंबाखू असतो आणि तंबाखूतले निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते. कंडरेला मुळातच रक्तपुरवठा कमी, त्यात मधुमेह, त्यात हे. मी बाबांना आयुष्यभराचे व्रत मागत नाही, मागूनही मिळणार नाही. पण मार्गशीर्ष लागेपर्यंत, म्हणजे कंडरा चिकटण्याच्या तीन महिन्यांपुरता, त्यांनी खर्रा बाजूला ठेवावा असे तुम्ही त्यांना माझ्या नावाने सांगा. एका झटक्यात जमत नसेल तर त्यांच्या डॉक्टरांशी बोला, सोडवायला औषधांची मदत मिळते. शुगर या काळात नेहमीपेक्षा एकदा तरी जास्त तपासून घ्या, जखमही तिच्यामुळेच रेंगाळते.

आता शेतीचे वेळापत्रक, ज्यासाठी बाबा उतावीळ झाले आहेत. ते आठवड्यांत सांगितले तर लक्षात राहत नाही, म्हणून सणांत सांगते. शस्त्रक्रिया पोळ्यानंतर पाचव्या दिवशी झाली, तेव्हा सहा आठवडे कोजागरीच्या आसपास पूर्ण होतात. तोवर हात फक्त हलवून घ्यायचा. सोयाबीनची सोंगणी याच काळात येते आणि विळा उजव्या हाताचा आहे. तिच्यासाठी मजूर आजच सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी बाबांना कोपऱ्यात उभा असलेला विळा खुणावणार नाही. कोजागरीनंतर स्लिंग टप्प्याटप्प्याने सुटेल, आधी डाव्या हाताच्या मदतीने आणि मग स्वतःच्या जोराने हात उचलणे सुरू होईल. जेवणे, चहाचा कप धरणे, वहीत हिशेब लिहिणे, एवढीच कामे. दिवाळीतली पहिली वेचणी त्यांनी धुऱ्यावर बसून पाहावी.

बारा आठवडे कार्तिक संपताना होतात. मार्गशीर्ष लागला की रबरी पट्टा ओढण्याचे, म्हणजे ताकदीचे व्यायाम सुरू होतील, आणि फिजिओथेरपिस्टने हात तपासून होकार दिला तर वेचणीला अर्धा-पाऊण तास उभे राहता येईल. बोंडातून कापूस ओढायला जोर लागत नाही, पण तीच हालचाल दिवसभर हजारदा होते, म्हणून वेळ आठवड्याआठवड्याने वाढवायची. ओटी कमरेला बांधायची, खांद्याला अडकवायची नाही, आणि उंच पऱ्हाटीच्या शेंड्याचा कापूस दुसऱ्याने वेचायचा. म्हशीची धार याच सुमारास हळूहळू जमेल. धार काढायला बोटांचा जोर लागतो, त्याची मला भीती नाही; म्हशीने दावे हिसकले तर दावे धरलेला हात नकळत मागे ओढला जातो, भीती त्याची आहे. त्यामुळे तोवर दावे बाबांच्या हातात देऊ नका.

फवारणी यंदाच्या हंगामात नाही, तुरीवरचीही नाही. १६ लिटरचा पंप भरला की पाण्याचेच वजन १६ किलो, वर पंपाचे, आणि तो पट्टा नेमका शिवलेल्या खांद्यावर बसतो. हातपंप असेल तर दांडा मारणे वेगळेच. बॅटरीच्या पंपाने दांडा वाचतो, वजन वाचत नाही. सहा महिने होळीच्या थोडे आधी भरतात. उलंगवाडी झालेली असते, वावर रिकामे असते, आणि वखर किंवा कुऱ्हाड हातात द्यायची की नाही हे ठरवायला ती वेळ योग्य आहे. त्या वेळी डॉक्टरांना दाखवून दोन्ही हातांची ताकद तपासून घ्या. पुढच्या खरिपात डवरा धरायला हरकत नसावी असा माझा अंदाज आहे, पण धान्याचे पोते खांद्यावरून एकट्याने चढवणे त्यांनी कायमचे सोडलेले बरे.

मधल्या काळात एखादे दिवशी खांद्यात कट्‌ असा आवाज होऊन आदल्या दिवशी सहज होणारी हालचाल एकाएकी जाईल, जखमेतून पाणी किंवा पू येईल, ताप भरेल, किंवा बोटे बधिर पडून तशीच राहतील, तर व्यायाम थांबवून शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. धाप लागली किंवा छातीत दुखले तर कळवत बसू नका, जवळच्या रुग्णालयात न्या.

पहिल्या भेटीला निघताना पिशवीत एमआरआयची फिल्म नसली तरी चालेल, पण ऑपरेशन नोट हवीच. सुट्टीच्या कार्डात ती नसते. शस्त्रक्रियेत कोणती कंडरा शिवली, फाट केवढी होती, अँकर किती घातले, हे त्या वेगळ्या कागदावर असते. मिळाली नसेल तर रुग्णालयाकडे लेखी मागा, मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रे देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. त्या कागदावर "सबस्कॅप्युलॅरिस" असा शब्द दिसला तर खांद्याच्या पुढची कंडराही शिवलेली आहे असे समजा आणि काठीचा व्यायाम, पंजा किती बाहेर न्यायचा हे फिजिओथेरपिस्टने मोजून देईपर्यंत, सुरू करू नका. लोंबत्या हाताचे झोके मात्र डॉक्टरांचा फोनवर होकार आला की त्याच संध्याकाळी, आईंना शेजारी उभे करून, सुरू करा.